'स्मार्ट ग्रिड' : चाकणच्या उपकेंद्रापासून दिघीच्या डीपीपर्यंत

२ फेब्रुवारी २०२२ रोजी पहाटे पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकण या सलग पट्ट्यातील वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला. वादळ नव्हते, पाऊसही नव्हता. महापारेषणच्या लोणीकंद आणि चाकण येथील ४०० केव्ही उपकेंद्रांशी जोडलेल्या अतिउच्चदाब वाहिन्या दाट धुके आणि दव यांमुळे पाठोपाठ बंद पडल्या होत्या. वीजवाहिनीला मनोऱ्यापासून अलग ठेवणाऱ्या इन्सुलेटरच्या चकत्यांवर धूळ बसते. धुक्याच्या ओलाव्याने ही धूळ भिजली की तिच्यातून वीज वाहू लागते, ठिणगी उडते आणि संरक्षक यंत्रणा क्षणार्धात वाहिनी तोडते. यंत्रणेच्या दृष्टीने जे घडायला हवे तेच घडले होते. दिघी, भोसरी, मोशी येथील रहिवाशांना मात्र नळाला पाणी नाही, लिफ्ट बंद आणि कारखान्यातील पहिली पाळी खोळंबलेली, एवढेच दिसत होते.

त्याच वर्षी मार्च महिन्यात भोसरी येथील महापारेषणच्या अतिउच्चदाब उपकेंद्रातील मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघाड झाला आणि भोसरी-आकुर्डी परिसरातील हजारो ग्राहक, त्यात असंख्य लघुउद्योग, पुन्हा विजेवाचून राहिले. लागोपाठच्या या दोन घटनांनी औद्योगिक पट्ट्यातील वीजयंत्रणेच्या आधुनिकीकरणाची चर्चा नव्याने सुरू झाली. 'स्मार्ट ग्रिड' हा शब्द तेव्हापासून उद्योजकांच्या बैठकांतच नव्हे, तर गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभांतही ऐकू येऊ लागला. सर्वसामान्य ग्राहकाच्या मनात मात्र या शब्दाचा अर्थ 'नवे मीटर' एवढाच रुजला आहे. वास्तविक मीटर हा या व्यवस्थेचा शेवटचा टप्पा आहे. दिघीसारख्या वस्तीला आणि भोसरीसारख्या वसाहतीला ज्याचा सर्वांत अधिक उपयोग व्हावा, तो भाग मीटर आणि उपकेंद्र यांच्या मधल्या पट्ट्यात आहे, आणि आधुनिकीकरणाचे काम नेमके तेथेच सर्वांत मंद गतीने चालले आहे.

दिघीपर्यंत वीज येते कशी?

दिघी हे मूळचे आळंदी रस्त्यावरील गाव. १९९७ मध्ये शेजारच्या इतर गावांबरोबर ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले. एका बाजूला संरक्षण खात्याच्या विस्तीर्ण जमिनी, 'डीआरडीओ'ची अभियांत्रिकी संशोधन संस्था, टेकडीवर आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी; दुसऱ्या बाजूला भोसरीची औद्योगिक वसाहत आणि या दोहोंच्या मध्ये दाटीवाटीने वाढलेली निवासी वस्ती, असे त्याचे आजचे स्वरूप आहे. दिघी मॅगझिनच्या 'रेड झोन'मुळे येथील मोठ्या क्षेत्रावर बांधकामाचे निर्बंध आहेत. तरीही गुंठा-अर्ध्या गुंठ्याच्या भूखंडांवर घरे उभी राहत गेली. अशा वस्तीत वीजवाहिनीचा मार्ग किंवा ट्रान्सफॉर्मरसाठी जागा शोधणे ही तांत्रिक नव्हे, तर जमिनीची समस्या होऊन बसते.

या वस्तीतील दिव्यापर्यंत पोहोचणारी वीज मोठा प्रवास करून येते. औष्णिक, जल, सौर अशा विविध केंद्रांत तयार झालेली वीज राष्ट्रीय जाळ्यात एकत्र होते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले जाऊन संपूर्ण भारत एकाच वारंवारतेवर चालू लागला. ही वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने एवढी राखावी लागते. मागणी वाढली की ती किंचित घसरते, मागणी कमी झाली की चढते. कळवा येथील राज्य भारप्रेषण केंद्रातील अभियंते दिवसरात्र या काट्यावर लक्ष ठेवून असतात. वाहिन्यांवरचा दाब, प्रवाह, कोणते उपकेंद्र बंद, कोणते चालू, हे त्यांना काही सेकंदांत समजते.

४०० केव्हीच्या उपकेंद्रातून वीज २२० केव्हीच्या आणि पुढे त्याहून कमी दाबाच्या उपकेंद्रांत येते. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात वितरणाची मुख्य वाहिनी, म्हणजे फीडर, प्रामुख्याने २२ केव्हीची असते. ही वाहिनी गल्लोगल्ली फिरून वितरण ट्रान्सफॉर्मरपर्यंत येते. महावितरणच्या कागदांत त्याला 'रोहित्र' असे भारदस्त नाव आहे. रस्त्यावर मात्र तो 'डीपी'च असतो. डीपीतून ४३३ व्होल्टचा त्रिफेज दाब बाहेर पडतो आणि प्रत्येक घराला त्यातील एक फेज मिळते.

या साखळीत एक विसंगती आहे. वरच्या टोकाला काय चालले आहे ते कळव्यातील पडद्यावर सेकंदागणिक उमटते. खालच्या टोकाला, दिघीतील एखाद्या गल्लीतील डीपीचा फ्यूज उडाला, तर ते महावितरणला पारंपरिक पद्धतीत कोणी तरी फोन केल्यावरच समजते. स्मार्ट ग्रिडच्या नावाखाली जगभर जे काही चालले आहे, त्याचा गाभा ही दृष्टी वरून खालपर्यंत नेणे हा आहे.

बिघाड शोधण्याची रात्र

समजा, पावसाळ्यातील एका रात्री २२ केव्हीची एक वाहिनी उपकेंद्रातच 'ट्रिप' झाली. दोष कोठे आहे, हे उपकेंद्रातील यंत्रचालकाला ठाऊक नसते. केवळ या वाहिनीवर कोठे तरी तो आहे, एवढेच कळते. तो एकदा वाहिनी पुन्हा चालू करून पाहतो. एखादी फांदी क्षणभर टेकली असेल तर पुरवठा टिकतो, अन्यथा वाहिनी पुन्हा बंद पडते. मग लाइनमन, ज्यांना महावितरणने 'जनमित्र' असे नाव दिले आहे, विजेरी घेऊन निघतात. वाहिनी मध्यभागी तोडायची, अर्धा भाग चालू करून पाहायचा, तो टिकला तर दोष उरलेल्या अर्ध्यात, असे करत करत दोषाची जागा आवळत न्यायची. वाहिनी भूमिगत असेल तर काम आणखी अवघड. केबलमधील दोषाचे अंतर सांगणारी यंत्रणा असलेले वाहन बोलवावे लागते, नंतर खोदकाम, नंतर जोड. रस्ते, गटारे किंवा इंटरनेटच्या केबलसाठी चालणाऱ्या खोदकामात जेसीबीचा दात लागून वीजवाहिनी तुटणे ही तर या शहरातील नित्याची बाब आहे. तेव्हा भूमिगत वाहिन्या आल्या म्हणजे प्रश्न संपला, ही समजूत खरी नाही. बिघाडांची संख्या घटते, पण प्रत्येक बिघाड शोधायला अधिक वेळ लागतो.

या शोधमोहिमेत सर्वाधिक अन्याय होतो तो दोषाशी संबंध नसलेल्या ग्राहकांवर. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला केबल तुटली तरी सुरुवातीच्या टोकावरील कारखाना दोष सापडेपर्यंत बंद राहतो. आधुनिक वितरणव्यवस्था नेमका हाच वेळ कमी करते. वाहिनीवर ठरावीक अंतरावर दोषदर्शक बसवलेले असतात. दोषाचा प्रवाह ज्यांच्यामधून गेला ते दर्शक संदेश पाठवतात, ज्यांच्यामधून गेला नाही ते गप्प राहतात. म्हणजे शेवटचा बोलका आणि पहिला गप्प, या दोहोंच्या मध्ये दोष. भूमिगत वाहिन्यांवर 'रिंग मेन युनिट' नावाच्या पेट्या असतात, त्यांतील स्विच नियंत्रण कक्षातून चालवता येतात. दोषाचा तुकडा दोन्ही बाजूंनी अलग केला जातो, अलीकडचा भाग मूळ उपकेंद्रातून आणि पलीकडचा भाग शेजारच्या वाहिनीतून चालू केला जातो. लाइनमन घरातून निघेपर्यंत बहुसंख्य ग्राहकांची वीज परत आलेली असते आणि त्याला कोठे जायचे तेही माहीत असते.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेतील चॅटानूगा या मध्यम आकाराच्या शहरातील वीजसंस्थेने आपल्या वाहिन्यांवर सुमारे बाराशे स्वयंचलित स्विच बसवून हीच पद्धत रूढ केली. मात्र त्यासाठी एक पूर्वअट असते, ती सहसा सांगितली जात नाही. प्रत्येक वाहिनीला शेजारची दुसरी वाहिनी जोडलेली हवी आणि त्या दुसऱ्या वाहिनीत ऐनवेळी जादा भार पेलण्याइतकी मोकळी क्षमता हवी. जेथे एकच वाहिनी ओढूनताणून वस्तीच्या टोकापर्यंत नेलेली आहे, तेथे स्विच कितीही हुशार असला तरी वीज आणायची कोठून, हा प्रश्न उरतो. दिघी-चऱ्होळी-मोशी या झपाट्याने वाढणाऱ्या भागात उपकेंद्रासाठी जागा, नवी वाहिनी, पर्यायी जोड ही जुन्या पद्धतीची कामे आधी होणे त्यामुळेच महत्त्वाचे ठरते. संगणकाला तांब्याची आणि ॲल्युमिनियमची जागा घेता येत नाही.

लघुउद्योगाच्या दृष्टीने तासाभराच्या खंडाइतकाच क्षणिक झोका घातक असतो. शेजारच्या वाहिनीवर दोष आला की उपकेंद्रातील दाब निमिषभर खाली जातो. घरातील दिवा मिचकावतो, एवढेच. पण 'सीएनसी' यंत्राचा नियंत्रक बंद पडतो, कटिंग अर्धवट राहते, जॉब भंगारात जातो. प्लॅस्टिक मोल्डिंगच्या यंत्रात कच्चा माल गोठून बसतो. वीज 'गेली' अशी नोंद मात्र कोठेच होत नाही. पुरवठ्याची विश्वासार्हता मोजणारे प्रचलित निर्देशांक वीज किती वेळा आणि किती वेळ गेली ते मोजतात. असे झोके त्यांच्या हिशेबात सहसा येत नाहीत. ते मोजणारी उपकरणे वाहिनीवर बसवणे हा आधुनिकीकरणाचा तुलनेने स्वस्त आणि दुर्लक्षित भाग आहे.

२००६ चा पुणे प्रयोग

पुणे आणि पिंपरी-चिंचवडला या विषयाची ओळख नवी नाही. हा शब्द प्रचारात येण्यापूर्वीच त्यातील एक मूलभूत कल्पना येथे राबवली गेली होती.

दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडल्यानंतर राज्यातील तुटवडा वाढत गेला. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या, तेव्हा सायंकाळच्या वेळी हजारो मेगावॉटची तूट हे नित्याचे चित्र होते. भारनियमनाचे वेळापत्रक वृत्तपत्रांत पंचांगासारखे छापून येत असे. त्याच वेळी पुणे परिसरातील मोठ्या कारखान्यांकडे स्वतःची जनित्रे होती आणि त्यांतील बरीचशी पूर्ण क्षमतेने वापरली जात नव्हती. भारतीय उद्योग महासंघाच्या पुणे शाखेने एक प्रस्ताव मांडला. टंचाईच्या तासांत कारखान्यांनी आपली जनित्रे चालवावीत, तेवढी जाळ्यातील वीज शहरासाठी मोकळी करावी आणि डिझेलवरील विजेचा जादा खर्च ग्राहकांनी वाटून घ्यावा, असा त्याचा आशय होता. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने त्याला मान्यता दिली आणि २००६ च्या उन्हाळ्यात तो अमलात आला. सुमारे ९० मेगावॉटची सोय अशा रीतीने झाली. महिन्याला ३०० युनिटांहून अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांवर प्रतियुनिट ४२ पैसे 'विश्वासार्हता आकार' बसवण्यात आला. पुढे हेच सूत्र काही फेरफारांसह राज्यातील इतर शहरांतही चर्चिले गेले.

या प्रयोगावर टीकाही झाली. पैसे मोजू शकणाऱ्या शहराला भारनियमनातून सुटका आणि ग्रामीण भागाला अंधार, हा त्यातील अन्याय उघड होता. डिझेलचा धूर हा वेगळा मुद्दा. तथापि अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. नवे वीजकेंद्र न उभारता, विखुरलेली साधने आणि मागणी यांची वेळ जुळवूनही तूट भरता येते. आज हेच काम दूरध्वनी आणि पत्रव्यवहारांऐवजी संगणक आणि मीटर यांनी करावे, आणि डिझेलऐवजी छतावरील सौरपट व बॅटरी यांनी करावे, अशी अपेक्षा आहे. तत्त्व तेच आहे.

भारनियमनाच्या काळातून आणखी एक धडा मिळाला. महावितरणने पुढे वीजगळती आणि बिलवसुली यांनुसार 'ए' ते 'जी' असे गट पाडले आणि तोटा अधिक तेथे भारनियमन अधिक, असे धोरण ठेवले. प्रामाणिक ग्राहकाला शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो रास्तच होता. पण या धोरणामुळे वाहिनीनिहाय हिशेब ठेवणे भाग पडले. किती वीज आत गेली, किती विकली गेली, किती पैसे आले, हे वाहिनीवार लिहिले जाऊ लागले. स्मार्ट ग्रिडची बाराखडी येथूनच सुरू होते.

योजनांची साखळी

केंद्र सरकारने २००८ मध्ये पुनर्रचित 'आर-एपीडीआरपी' योजना आणली. तिच्या पहिल्या भागात ग्राहकांची नकाशावर नोंद, वाहिन्या व डीपींवर मीटर, संगणकीकृत हिशेब अशी कामे होती. दुसऱ्या भागात प्रत्यक्ष तारा आणि उपकेंद्रे. मोठ्या शहरांसाठी 'स्काडा' ही दूरनियंत्रण प्रणालीही होती आणि महाराष्ट्रात त्यासाठी निवडलेल्या शहरांत पुण्याचा समावेश होता. २०१२-१३ मध्ये देशात स्मार्ट ग्रिडचे १४ पथदर्शी प्रकल्प मंजूर झाले. त्यांत महावितरणचा बारामतीचा प्रकल्प होता. म्हैसूर, पानिपत, पुदुच्चेरी येथील प्रकल्प कमीअधिक प्रमाणात उभे राहिले. बारामतीचा प्रत्यक्षात आला नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय स्मार्ट ग्रिड मिशन स्थापन झाले. अखेर जून २०२१ मध्ये 'आरडीएसएस' ही सुधारित वितरण क्षेत्र योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली. ३,०३,७५८ कोटी रुपयांच्या या योजनेत गळती १२ ते १५ टक्क्यांपर्यंत आणण्याचे आणि देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले.

या मालिकेकडे पाहिले असता एक प्रवृत्ती लक्षात येते. प्रत्येक योजनेत वाहिनी, डीपी, मीटर या तिन्हींचा उल्लेख असतो. अंमलबजावणीच्या वेळी मात्र मीटर पुढे सरकतात. त्यामागे कारण आहे. मीटरमुळे वसुली वाढते, म्हणजे त्यात गुंतवलेला पैसा परत येण्याची वाट दिसते. दोषदर्शक किंवा पर्यायी वाहिनीमुळे ग्राहकाचा वेळ आणि कारखान्याचा जॉब वाचतो. त्याचा फायदा वीज कंपनीच्या ताळेबंदात थेट उमटत नाही.

मीटर आणि त्यावरील अविश्वास

फिरत्या चकतीचे जुने मीटर, नंतर इलेक्ट्रॉनिक मीटर, बिलावर मीटरचे छायाचित्र छापण्याची पद्धत, दुरून नोंद घेता येणारे इन्फ्रारेड व रेडिओ लहरींचे मीटर, अशा पायऱ्या महावितरणने गेल्या दोन दशकांत ओलांडल्या. स्मार्ट मीटर त्यापुढचा आहे. तो दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ किंवा अर्ध्या तासाचे ४८ भाग पाडून प्रत्येक भागातील वापर नोंदवू शकतो आणि मोबाइल जाळ्यामार्फत तो मुख्य संगणकाकडे पाठवतो. वीज जाताना आपल्यात साठलेल्या अल्पशा ऊर्जेवर तो अखेरचा संदेश पाठवू शकतो. एका डीपीखालील सर्व मीटरांचा असा संदेश एकदम आला, तर बिघाड डीपीत. एकाच घराचा आला, तर त्या घराच्या जोडणीत. म्हणजे नीट वापरला तर मीटर हाच दोषदर्शक होतो. इटलीतील एनेल कंपनीने या शतकाच्या पहिल्याच दशकात सुमारे तीन कोटी ग्राहकांकडे दूरसंवादी मीटर बसवून या दिशेने सुरुवात केली होती.

महाराष्ट्रात मीटर आले ते वेगळ्या नावाने. २०२३ मध्ये महावितरणने परिमंडलनिहाय खासगी कंपन्यांना दोन कोटींहून अधिक स्मार्ट प्रीपेड मीटर बसवण्याची कंत्राटे दिली. प्रतिमीटर सुमारे १२ हजार रुपये हा खर्च, केंद्राचे प्रतिमीटर कमाल ९०० रुपये अनुदान आणि 'प्रीपेड' हा शब्द, या तीन गोष्टींनी वाद पेटला. रिचार्ज संपला की मध्यरात्री वीज जाणार का, उरलेला खर्च कोणाच्या खिशातून, मीटर वाचणाऱ्या कंत्राटी कामगारांचे काय, असे प्रश्न ग्राहक संघटना आणि कामगार संघटनांनी उपस्थित केले. जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसवले जाणार नाहीत, असे जाहीर केले. त्यानंतर 'टीओडी मीटर' या नावाने, महिनाअखेरीस बिल देणाऱ्या पद्धतीचे स्मार्ट मीटर बसवण्यास सुरुवात झाली. नाव बदलल्याने अविश्वास कमी झाला नाही, हे त्यानंतरही राज्यात ठिकठिकाणी झालेल्या विरोधावरून दिसते.

जुना, मंदावलेला मीटर बदलला की नोंद वाढू शकते, हे खरे आहे. पण ग्राहकाला हे समजावून सांगण्याऐवजी तो घरी नसताना मीटर बदलला गेला, तर तांत्रिक खुलाशाला किंमत उरत नाही. जुना आणि नवा मीटर काही काळ शेजारी शेजारी ठेवून दोन्हींचे आकडे दाखवणे, हा यावरील सर्वांत साधा उपाय. तो सरसकट वापरला गेला असता तर बराचसा वाद टळला असता.

रात्रीची स्वस्ताई दिवसा

दिवसाच्या वेळेनुसार दर ही कल्पना औद्योगिक ग्राहकांना जुनी आहे. राज्यातील उद्योगांच्या दरपत्रकात कित्येक वर्षे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सवलत होती. २०२५ पूर्वीच्या दरपत्रकांत ती प्रतियुनिट दीड रुपया होती. सकाळी ९ ते १२ या वेळेत ८० पैसे आणि सायंकाळी ६ ते १० या वेळेत १ रुपया १० पैसे जादा आकारले जात. भोसरी-चाकण पट्ट्यातील भट्ट्या, उष्णता-प्रक्रिया करणारे कारखाने, ओतकाम यांनी आपले काम रात्रपाळीत सरकवले ते या दीड रुपयासाठी.

सौर विजेने हे गणित उलटे केले. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १६ हजार मेगावॉटचे सौर प्रकल्प उभारण्याचे उद्दिष्ट आहे. दुपारी वीज मुबलक आणि सूर्य मावळताच टंचाई, असे चित्र उभे राहू लागले. मार्च २०२५ च्या आदेशात नियामक आयोगाने सवलत सकाळी ९ ते सायंकाळी ५ या सौरतासांत नेली आणि जादा आकार सायंकाळी ५ ते मध्यरात्री या वेळेत लावला. पुढे फेरविचार आणि न्यायालयीन वाद यांत हा आदेश सापडला. दिशा मात्र स्पष्ट झाली. घरगुती ग्राहकांनाही, स्मार्ट मीटर असल्यास, १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट ८० पैसे ते १ रुपया सवलत महावितरणने जाहीर केली.

जाळ्याच्या दृष्टीने हा बदल तर्कशुद्ध आहे. पण त्याचा भार कोणावर पडतो, हे पाहणे आवश्यक ठरते. रात्रपाळीभोवती उभा केलेला कारखाना एका आदेशाने दिवसपाळीवर आणता येत नाही. कामगार, वाहतूक, मोठ्या कंपनीला माल पोहोचवण्याच्या वेळा, सारे बदलावे लागते. घरांतही सवलतीच्या तासांत दोघेही नोकरीवर असणाऱ्या कुटुंबाला धुलाई यंत्र आणि गीझर यांपलीकडे फारसे काही सरकवता येत नाही. दिवसभर घरी असणाऱ्यांना, छोट्या घरगुती व्यावसायिकांना आणि पाण्याचे पंप दुपारी चालवू शकणाऱ्या सोसायट्यांना लाभ अधिक. मीटर बसवताना हा हिशेब ग्राहकाला मांडून दाखवला जाणे अपेक्षित आहे.

डीपीवरचा नवा भार

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या छतावरील संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यामुळे एकदिशा वाहण्यासाठी बांधलेल्या जाळ्यात वीज उलट दिशेनेही वाहू लागली आहे. २०० केव्हीए क्षमतेचा डीपी प्रत्येक फेजवर सुमारे २६७ अँपिअर प्रवाह पेलतो. त्याखालील घरांपैकी बहुतेकांचे सौरसंच एकाच फेजवर जोडले गेले, तर दुपारी त्या फेजचा दाब चढतो आणि संच आपोआप बंद पडतात. ऊन असूनही वीज तयार होत नाही, अशी तक्रार मग संच बसवणाऱ्याकडे जाते. दोष मात्र फेजच्या वाटणीत असतो. सायंकाळी हीच वस्ती विजेवरील स्कूटर आणि मोटारी चार्ज करू लागली की डीपी दुसऱ्या बाजूने ताणला जातो. मोटारीचा एक साधा घरगुती चार्जर सुमारे ३.३ किलोवॉट घेतो, म्हणजे दोन गीझर जवळजवळ रात्रभर चालू ठेवण्याइतके.

कोणत्या डीपीवर, कोणत्या फेजवर, किती वाजता, किती भार आहे, हे कळण्यासाठी डीपीवर मीटर हवा आणि त्याची माहिती प्रत्यक्ष पाहणारा अभियंता हवा. घराघरांतील मीटरांची बेरीज डीपीच्या मीटरशी ताडून पाहिली की चोरी कोठे, गळती कोठे, फेजचा असमतोल कोठे, हे घरबसल्या दिसते. डीपी जळण्यापूर्वी तो बदलता येतो. मात्र त्यासाठी कोणते घर कोणत्या डीपीवर आणि कोणत्या फेजवर आहे, ही नोंद अचूक असावी लागते. वायरमनने एका पावसाळी रात्री तार या फेजवरून त्या फेजवर टाकली आणि ती कागदावर कधीच आली नाही, असे होत राहिले, तर सर्वांत महागडी संगणकप्रणालीही चुकीचे उत्तर देते.

संगणकावर विसंबलेल्या जाळ्याचा आणखी एक धोका आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली, तेव्हा सायबर हल्ल्याचा संशय राज्य सरकारने व्यक्त केला होता. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी नंतर मानवी चुकीचे कारण दिले. कारण काहीही असो, दूरवरून चालवता येणारा प्रत्येक स्विच दूरवरून बिघडवताही येऊ शकतो. संरक्षण खात्याच्या संस्थांना खेटून असलेल्या दिघीसारख्या भागात ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

ग्राहकाच्या हाती सध्या काही मार्ग आहेत. मीटरच्या नोंदीबाबत शंका असल्यास लेखी अर्ज करून मीटरची तपासणी मागता येते. वीज (ग्राहकांचे हक्क) नियम २०२० आणि त्यांतील २०२३ च्या दुरुस्तीनुसार, स्मार्ट मीटर बसवल्यानंतर तो बसवण्यापूर्वीच्या काळासाठी जादा मागणीचा दंड आकारता येत नाही. वारंवार वीज जाण्याची तक्रार नोंदवताना तक्रार क्रमांक, वेळ आणि खंडाचा कालावधी लिहून ठेवावा. उद्योजकांनी क्षणिक झोक्यांचीही नोंद ठेवावी, कारण पुढच्या टप्प्यावर तोच पुरावा असतो. महावितरणकडून समाधान न झाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते. दरनिश्चितीपूर्वी नियामक आयोग जी जाहीर सुनावणी घेतो, तीत कोणताही ग्राहक लेखी हरकत दाखल करू शकतो. वाहिन्या, पर्यायी जोड आणि डीपीवरील मीटर यांसाठी मंजूर झालेला भांडवली खर्च प्रत्यक्षात कोठे झाला, हा प्रश्न विचारण्याची जागा तीच आहे.